अनियमित कोण — रुग्ण की सरकार?

सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबाच्या रुग्णांचे केसपेपर चाळले, तर एक शेरा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येतो : ‘उपचार अनियमित’. ठरल्या तारखेला न आलेल्या या माणसाला कार्यक्रमाच्या नोंदवह्यांत आणि अहवालांत ‘डिफॉल्टर’ असेही म्हटले जाते. शब्द सावकाराच्या वहीतला आहे. ज्या देशात बड्या उद्योगपतींची लाखो कोटी रुपयांची बुडीत कर्जे बँकांच्या हिशेबवहीतून सन्मानाने निर्लेखित केली जातात, त्याच देशात रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या हमालाला, पुढच्या महिन्यात तो येऊ शकला नाही एवढ्यावरून, थकबाकीदार ठरविले जाते. भाषेचा हा योगायोग निरागस नाही. दोष कोणाच्या माथी मारायचा हे ज्यांनी आधीच ठरवून ठेवले आहे, त्यांची ही भाषा आहे.

वस्तुस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातील सुमारे १८ कोटी ८३ लाख माणसांना उच्च रक्तदाबाचा विकार आहे. अशा प्रत्येकी शंभरांपैकी केवळ ३७ जणांना आपल्या विकाराची माहिती आहे, ३० जणांना उपचार मिळतात, आणि ज्यांचा रक्तदाब प्रत्यक्ष आटोक्यात आहे असे फक्त १५ जण आहेत. उरलेल्या पंचाऐंशी जणांच्या रक्तवाहिन्यांवर, मेंदूवर, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर रात्रंदिवस घाला पडत असतो, आणि तो घाला निःशब्द असतो. ना दुखणे, ना ताप. पहिली खूण कित्येकदा अर्धांगवायूचीच असते.

या आकड्यांशेजारी २०१७ चे राष्ट्रीय आरोग्य धोरण ठेवून पाहावे. त्या धोरणात केंद्र सरकारने असे लेखी अभिवचन दिले होते की, २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेह यांच्या ज्ञात रुग्णांपैकी ८० टक्के रुग्णांचा विकार नियंत्रणात असेल. हिशेब करताना सरकारवर अन्याय होऊ नये म्हणून हे सांगितले पाहिजे की, हे अभिवचन सर्व रुग्णांविषयी नसून निदान झालेल्यांविषयी होते. ठीक आहे, निदान झालेल्या ३७ पैकी १५ म्हणजे सुमारे ४० टक्के. ऐंशीच्या निम्मे. त्याच धोरणात सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचेही वचन होते. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या वर्षांतदेखील, तो १.८४ टक्केच होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला होता. २०२५ साल सरले. आपल्या तारखा न पाळणाऱ्या सरकारच्या केसपेपरवर मात्र कोणी शेरा मारला नाही.

ज्ञान नाही म्हणून नव्हे

एके काळी या विकारापुढे वैद्यकशास्त्र खरोखरच हतबल होते. याल्टा परिषदेत स्टालिन आणि चर्चिल यांच्यासमवेत जगाच्या भवितव्याची चर्चा करून आलेले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट दोनच महिन्यांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० असा नोंदला गेला होता. जगातील सर्वांत बलाढ्य भांडवलशाही राष्ट्राच्या प्रमुखालाही जी गोळी मिळू शकली नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती, ती आज एका कपभर चहाहून स्वस्त आहे.

ही गोळी आली कोठून याचा इतिहास भारतीय वाचकाने अवश्य ध्यानात ठेवावा. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. तिने रक्तदाब उतरतो हे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ साली लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात आपल्या रुग्णांचे अनुभव मांडले, तेव्हा कोठे पाश्चात्य जगाचे लक्ष तिकडे गेले. तीन वर्षांत, १९५२ साली, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि स्वतःच्या व्यापारी नावाने जगभर विकले. मुळी भारताची, रुग्ण भारताचे, निरीक्षण भारतीय डॉक्टरांचे, नफा बाझलचा.

पुढे १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णायक पुरावा दिला. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषधे आणि निम्म्यांना दिसायला तशाच पण निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर अर्धांगवायू वा तत्सम गंभीर आपत्ती ओढवली, औषध घेणाऱ्यांपैकी अवघ्या दोघांवर. त्या औषधांतील एक होते हेच रेसर्पिन. आज त्याहून सुरक्षित औषधे आहेत — ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन — आणि ती कोणाच्याही पेटंटखाली अडकलेली नाहीत. ॲम्लोडिपिनची गोळी सरकारी निविदेत पैशांत मोजली जाते, रुपयांत नव्हे. ज्ञान आहे, औषध आहे, स्वस्त आहे. मग ती गोळी पंचाऐंशी जणांपर्यंत पोचत का नाही?

बाह्यरुग्ण विभागातील एक सकाळ

उत्तर शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. तिरुपूरच्या शिवणकारखान्यातील स्त्री असो, कानपूरच्या कातडी कारखान्यातील कामगार असो, की दिल्लीच्या वस्तीतील घरकामगार, रुग्णालयाचा दिवस म्हणजे मजुरी बुडाल्याचा दिवस. पहाटे निघायचे, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, मग तपासणीच्या, मग औषधाच्या खिडकीपुढच्या. एवढे करून हाती काय पडते? पुष्कळ ठिकाणी पंधरा दिवसांच्या गोळ्या. म्हणजे वर्षाला चोवीस खेपा आणि चोवीस दिवसांची मजुरी. गोळी फुकट आहे असे सरकार म्हणते. चोवीस दिवसांचे श्रम ही जर किंमत नसेल, तर किंमत म्हणतात तरी कशाला?

आणि एवढे करूनही खिडकीवरून उत्तर येते : ‘ही गोळी संपली, बाहेरून घ्या.’ बाहेर तीच गोळी निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या भावांनी उपलब्ध असते. रुग्ण दहा गोळ्या घेतो, एक दिवसाआड खातो, महिना निभावतो. दुखत काहीच नाही; भाडे, रेशन, मुलाची फी यांच्या तगाद्यापुढे न दुखणाऱ्या आजाराची गोळी पहिल्यांदा कापली जाते. यात अडाणीपणा नाही. तुटपुंज्या मजुरीत घर चालविणाऱ्या माणसाचा तो अतिशय काटेकोर हिशेब आहे.

आता तपासणीच्या टेबलाकडे वळू. रक्तदाब मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी परिचारिकेलाही पाठ असते : पाच मिनिटे शांत बसवावे, पाठीला टेकण असावे, पाय जमिनीवर सपाट असावेत, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर असावा, दंडाच्या घेरानुसार पट्टा निवडावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा वा तंबाखू घेतलेली नसावी, आणि एकदा नव्हे, दोनदा मोजावे. ज्या दालनात बसायला बाक नाही, तेथे पाठीला टेकण कोठून आणायचे? तीन तास उभा राहिलेला, खांद्यावर पिशवी, मागून ढकलला जाणारा माणूस टेबलाशी येतो, आणि सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळला जातो. जो आकडा वहीत उतरतो तो त्याच्या रक्तदाबाचा किती आणि रांगेचा किती, हे कोणता तज्ज्ञ सांगू शकेल?

तो आकडा वाढलेला असला तरी पुढे फारसे काही घडत नाही. दर खेपेस वेगळा डॉक्टर, वाट्याला जेमतेम दोन मिनिटे. तो जुन्या चिठ्ठीवर ‘औषध तेच चालू’ असे लिहून पुढच्याला हाक मारतो. मात्रा वाढवायला हवी, दुसरे औषध जोडायला हवे, हे त्याला ठाऊक नसते असे नाही. पण पुढच्या महिन्यात हा माणूस कोणापुढे बसेल आणि दुसरे औषध खिडकीत असेल की नाही याची शाश्वती नसताना कोण हात घालणार? वर्षानुवर्षे नेमाने येऊन, नेमाने गोळी घेऊनही ज्यांचा रक्तदाब एकदाही आटोक्यात आला नाही, असे रुग्ण प्रत्येक विभागात असतात. त्यांना काय म्हणायचे? ते तर अनियमित नव्हते. डॉक्टरांवर आगपाखड करण्याचे कारण नाही. रिक्त पदांच्या ओझ्याखाली दोघांचे काम एकाने उपसायचे, ही त्यांच्यावर लादलेली स्थिती आहे.

‘जीवनशैली’ नावाची ढाल

एवढे सगळे उघड असताना सत्ताधारी वर्गाच्या विचारवंतांनी एक सोयीस्कर शब्द शोधून काढला आहे : ‘जीवनशैलीचा आजार’. जणू काही रात्रपाळी, दोन-दोन तासांचा लोकलचा वा बसचा प्रवास, यंत्रांचा गोंगाट, नोकरी उद्या राहील की नाही ही धास्ती, हे सारे कामगाराने एखाद्या दुकानातून पसंत करून आणलेले कपडे आहेत! मीठ कमी खा, ताण घेऊ नका, सकाळी फिरायला जा, असे फलक रुग्णालयांच्या भिंतींवर रंगविलेले असतात. मीठ कमी खाल्ल्याने रक्तदाब उतरतो हे शास्त्रीय सत्य आहे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि भारतात तिच्या दुपटीच्या आसपास मीठ खाल्ले जाते. तंबाखूचे आणि व्यायामाचेही तसेच. प्रश्न एवढाच की उपदेश कोणाला आणि अभय कोणाला? चिलीसारख्या देशाने २०१६ साली पाकिटबंद खाद्यपदार्थांवर ‘मीठ अधिक’ असे सांगणारे काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ च्या सरकारी मसुद्यात इशाऱ्याऐवजी पाकिटांना चांदण्या बहाल करण्याची कल्पना पुढे आली. ज्या पाकिटावर धोक्याचा शिक्का हवा त्यावर गुणगौरवाची चांदणी, आणि जो चटणी-भाकरीवर दिवस काढतो त्याला मिठाचे प्रवचन.

अज्ञानाच्या युक्तिवादाचीही तीच गत आहे. लोक शिकले की औषधे नीट घेतील, असे सांगितले जाते. केरळ हे देशातील सर्वाधिक साक्षर राज्यांपैकी एक. तरीही २०१६-१७ च्या राज्यव्यापी पाहणीत तेथेही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात होता असे लोक थोडेच आढळले. अक्षरओळखीने गोळी पोचत नाही. ती पोचविण्याची यंत्रणा लागते.

खाटेला पैसा आहे, गोळीला नाही

सरकारच्या प्राधान्यक्रमाचे खरे स्वरूप विमा योजनेत दिसते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी मोठा गाजावाजा करून सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देते; पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण उपचार त्यात बसत नाहीत. रक्तदाबाच्या रुग्णाला आयुष्यभर लागणारी रोजची गोळी या योजनेच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. तोच रुग्ण अर्धांगवायूने कोसळला की मात्र तो पात्र ठरतो. खासगी रुग्णालयाचे दार उघडते, सरकारी तिजोरीतून बिल चुकते होते, आणि घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांची औषधेही मिळतात. सोळाव्या दिवशी तो पुन्हा त्याच खिडकीपुढे उभा असतो, या खेपेस काठी टेकत.

मूत्रपिंडे निकामी झाली तर रक्तशुद्धीकरणाची सोय सरकारी खर्चाने आहे; २०१६ पासून त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, आणि तो बव्हंशी खासगी कंपन्यांच्या भागीदारीत चालतो. ज्याची मूत्रपिंडे गेली आहेत त्याला हे उपचार मिळालेच पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या गोळीने ती कित्येकांची वाचली असती तिच्यात कंत्राट नाही, यंत्रखरेदी नाही, पॅकेज नाही. पैशांत मोजल्या जाणाऱ्या गोळीत नफा शोधणार कोण? भांडवली आरोग्यव्यवस्था माणूस कोसळण्याची वाट पाहते, कारण कोसळल्यानंतरच तो गिऱ्हाईक होतो.

औषधउद्योगाची कहाणी याच धाग्यात ओवलेली आहे. सोव्हिएत संघाच्या मदतीने १९६१ साली स्थापन झालेली आयडीपीएल, तिचे ऋषिकेश आणि हैदराबादचे कारखाने, पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९७० चा पेटंट कायदा, हाथी समितीच्या शिफारशी — यांच्यामुळे या देशात स्वस्त औषधांचा पाया घातला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्यास आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स विकावयास मान्यता दिली. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधांवर किंमतनियंत्रण होते. १९९५ साली त्यांतील ७४ उरली. आणि २०१३ च्या आदेशाने तर उत्पादनखर्चाचा निकषच मोडीत काढला. आता बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या कंपन्यांच्या भावांची सरासरी काढायची, त्यात किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवायचा, आणि त्यालाच कमाल किंमत म्हणायचे. चढ्या भावांची सरासरी चढीच येणार, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. जन औषधी दुकानांचा उल्लेख येथे मंत्रिमहोदय हमखास करतील. ती स्वस्त आहेत हे खरे. पण ती दुकाने आहेत. आणि सरकारी खिडकीवरची गोळी हा रुग्णाचा हक्क आहे, सवलतीची खरेदी नव्हे.

जे होऊ शकते ते

हे सारे अटळ आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला या देशातलाच दाखला देता येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. त्यात चमत्कार काहीच नव्हता. प्रत्येक राज्यासाठी उपचाराच्या पायऱ्या एकसारख्या ठरवून दिल्या. तीनचार औषधेच निवडली, पण ती संपणार नाहीत असा आगाऊ हिशेब ठेवला. एका खेपेस तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. मोजण्याचे व नोंदीचे काम परिचारिकांकडे सोपविले. न आलेल्याला शिक्षा नव्हे, फोन केला. आणि औषध घेण्यासाठी जिल्हा रुग्णालयाऐवजी घराजवळचे उपकेंद्र दिले. नोंदलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला, आणि मोठ्या रुग्णालयांपेक्षा लहान केंद्रांत हे प्रमाण अधिक चांगले आढळले. तीच माणसे, तेच ‘अज्ञान’, तीच ‘जीवनशैली’. बदलले होते ते सरकारचे वागणे.

तामिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या थेट घरपोच देण्याची योजना हाती घेतली. अमेरिकेच्या नाकेबंदीत गुदमरणाऱ्या क्यूबाने १९८४ पासून प्रत्येक वस्तीत कुटुंबाचा डॉक्टर आणि परिचारिका बसविली. तेथे रक्तदाबाचा रुग्ण आला नाही तर परिचारिका त्याच्या दाराशी जाते. १९७८ साली सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा केली, तिचा अर्थ हाच होता. त्याही आधी, १९४६ साली, भोर समितीने आपल्याला सांगितले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये.

मात्र आपल्याकडच्या यशाचा भार कोणाच्या खांद्यावर आहे? घरोघर जाऊन तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरणाऱ्या आशा सेविकेला एका अर्जामागे दहा रुपये मिळतात. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला आणि राज्यकर्त्यांनी अभिनंदनाचे संदेश धाडले; पण योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी ही २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेची शिफारस धूळ खात पडली. उद्दिष्टेही आता मोजायला सोयीची झाली आहेत. १७ मे २०२३ रोजी सरकारने रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित ‘उपचाराखाली’ आणण्याची घोषणा केली. उपचाराखाली, नियंत्रणाखाली नव्हे! २०१७ चे ऐंशी टक्के या नव्या घोषणेत कोठे विरघळले, हे संसदेत विचारले गेले पाहिजे.

कामगार संघटनांनी आणि जनसंघटनांनी हा प्रश्न मागण्यांच्या पत्रकातील शेवटच्या ओळीवरून वर आणावयास हवा. एका खेपेस किमान तीस दिवसांच्या गोळ्या, उपकेंद्रापर्यंत औषधांचा अखंड पुरवठा, पाळी सुटल्यानंतर, सायंकाळी उघडा राहणारा बाह्यरुग्ण विभाग, तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा, कंत्राटी कामगारालाही, परिचारिकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरणे, आशांना वेतन, आणि विम्याच्या पैशातील वाटा खाटेकडून गोळीकडे वळविणे. यांतील एकाही मागणीसाठी नवे संशोधन लागत नाही. आणखी एक मागणी आहे, जिला फक्त छपाईचा खर्च येईल. केसपेपरवर जेथे ‘उपचार अनियमित’ असा शेरा मारला जातो, त्याच्याच शेजारी एक रकाना असावा, आणि रुग्ण मागच्या वेळी आला होता त्या दिवशी औषधाच्या खिडकीत गोळ्या होत्या की नव्हत्या, हे त्यात तारखेनिशी, सहीनिशी लिहिले जावे.